सगळे नायक एका गोष्टीत: पैसे वसूल होतात का?

या महिन्याच्या टपालात सोलापूरकर वाचकांनी सुपरहिरो कॉमिक्सवर बरेच प्रश्न पाठवले आहेत. बहुतेकांचा रोख ‘इव्हेंट’कडे आहे, म्हणजे मार्व्हल किंवा डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीचे झाडून सगळे नायक ज्यात एकाच संकटाशी लढतात आणि गोष्ट इतर मालिकांतही पसरते, तो प्रकार. त्यातले काही प्रश्न घेतले आहेत.

‘सिव्हिल वॉर’ वाचायला घेतलं आणि नेटवर ‘रीडिंग ऑर्डर’ पाहिली. यादी संपेचना! एवढं सगळं वाचायलाच हवं का? मुळात वाचण्याजोगं आहे का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

यादी बाजूला ठेवा. मुख्य मालिका, म्हणजे एका कायद्यावरून नायकांत पडलेल्या दोन गटांची गोष्ट, फक्त 7 अंकांची आहे (2006-07, लेखक मार्क मिलर, चित्रं स्टीव्ह मॅकनिव्हन). अंकात वीस-बावीस पानं धरली तरी एका रविवारच्या दुपारी आरामात संपते.

उरलेली यादी आहे ‘टाय-इन’ अंकांची, म्हणजे इव्हेंटला जोडलेल्या इतर मालिकांच्या अंकांची. ते निघण्याचं कारण व्यापारी आहे: इव्हेंटचं नाव कव्हरवर आलं की इतर मालिकांचाही खप त्या महिन्यापुरता वाढतो. पण त्या मालिकेच्या लेखकाची स्वतःची गोष्ट रंगात आलेली असते. ती अर्ध्यावर थांबवून त्याला तीन-चार अंक इव्हेंटसाठी द्यावे लागतात. दुसऱ्याच्या लग्नात पंगतीला वाढायला उभं केलेल्या पाहुण्यासारखी त्याची गत होते. म्हणून बहुतेक टाय-इन लंगडे पडतात.

इथे दोन अपवाद करा. दुसऱ्या अंकात स्पायडरमॅन जगासमोर मुखवटा काढतो आणि पुढे बाजू बदलतो. मुख्य मालिकेत हे घाईत उरकलंय. त्यामागची घालमेल ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या 532 ते 538 या अंकांत नीट येते. दुसरा अपवाद ‘कॅप्टन अमेरिका’ अंक 25. सगळ्या भांडणाचा सर्वांत मोठा परिणाम या अंकात घडतो, म्हणजे चक्क मुख्य मालिकेच्या बाहेर! सातवा अंक मिटल्यावर गोष्ट अर्धवट वाटते ती यामुळेच.

वाचण्याजोगं आहे का? आमच्या मते हो, जरा हातचं राखून. सुरुवात जबरदस्त आहे: टीव्हीच्या कार्यक्रमासाठी पोरसवदा नायक एका गुन्हेगाराला पकडायला जातात, स्फोट होतो, शाळेतली मुलं मरतात आणि सरकार नायकांच्या सक्तीच्या नोंदणीचा कायदा आणतं. पुढे मात्र कायद्याच्या बाजूनं असलेल्या टोनी स्टार्कचं (आयर्न मॅनचं) म्हणणं मांडण्यात लेखक कमी पडलाय. 2016च्या सिनेमातलं भांडण वेगळं आहे, त्यामुळे सिनेमा पाहिलेल्यांनाही गोष्ट नवीच वाटेल.

‘सीक्रेट वॉर्स’वर सिनेमा येतोय म्हणतात. त्याआधी पुस्तक घ्यावं म्हणतो. कोणतं?
– एक वाचक, होटगी रोड

नीट बघून घ्या, कारण याच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

1984ची मालिका 12 अंकांची. लेखक जिम शूटर. मॅटेल कंपनीच्या खेळण्यांना जोड म्हणून ती काढली होती आणि ते लपतही नाही. बियाँडर नावाची एक अफाट शक्ती नायक-खलनायकांना उचलून एका ग्रहावर नेते आणि लढायला लावते. पात्रं आपण काय करतोय ते स्वतःच मोठमोठ्यानं सांगत असतात. पण आधीचं काहीही माहीत नसलं तरी अडत नाही. स्पायडरमॅनचा काळा पोशाख कुठून आला, ते आठव्या अंकात कळतं.

2015ची मालिका 9 अंकांची. लेखक जोनाथन हिकमन, चित्रं एसाद रिबिच यांची. या दोन मालिकांत सरस हीच, पण एकटी वाचली तर खलनायक डॉक्टर डूम देव होऊन का बसलाय, हे निम्मंच कळेल. हिकमननं तिची पायाभरणी आधी ‘अ‍ॅव्हेंजर्स’चे 44 आणि ‘न्यू अ‍ॅव्हेंजर्स’चे 33 अंक लिहून केली. मधला 6 अंकांचा ‘इन्फिनिटी’ आणि ‘सीक्रेट वॉर्स’चे हे 9 धरून एकूण 92 अंक होतात.

एवढे एकदम विकत घेऊ नका. ‘न्यू अ‍ॅव्हेंजर्स’चा पहिला खंड घ्या. दोन पृथ्व्या एकमेकींवर आदळणार आहेत, हातात आठ तास आहेत आणि आपली वाचवायची तर दुसरी नष्ट करावी लागेल: हा पेच तिथे सुरू होतो. त्यानं झोप उडवली तर पुढे जा, नाहीतर तिथेच थांबा. शेवटी एक अडचण येते. ‘अ‍ॅव्हेंजर्स’ 35 आणि ‘न्यू अ‍ॅव्हेंजर्स’ 24 पासून दोन्ही मालिका आलटून-पालटून वाचाव्या लागतात. त्या भागाचे ‘टाइम रन्स आउट’ नावाचे चार खंड निघालेत. ते घेतले तर क्रम लावत बसायला नको.

‘फायनल क्रायसिस’ दोनदा वाचलं. शेवटी तो रक्तपिपासू खलनायक कुठून उगवला? माझंच काही चुकलं का?
– एक विद्यार्थिनी, सात रस्ता

तुमच्याकडे बहुधा डीसीच्या या इव्हेंटची नुसत्या 7 अंकांची आवृत्ती असावी. ‘सुपरमॅन बियाँड’ नावाचे दोन अंक वेगळे निघाले होते आणि मँड्राक हा खलनायक त्यांत येतो. ते सोडून थेट सातवा अंक वाचला की तो आकाशातून पडल्यासारखा वाटतो. लेखक ग्रँट मॉरिसनच, पण टाय-इनमध्येच गोष्टीचा कणा ठेवलेला. याला आम्ही वाचकाची चूक मानत नाही. तिसऱ्या अंकानंतर बियाँड वाचा आणि मग पुढे जा.

कोणताही इव्हेंट घेताना मागच्या कव्हरवर किंवा आतल्या बारीक मजकुरात ‘कलेक्ट्स’ या शब्दापुढचे आकडे बघा. कोणते अंक आत आहेत ते तिथेच छापलेलं असतं. इव्हेंटच्या नावापुढे एखाद्या नायकाचं नाव जोडलेलं दिसलं तर ते बहुतेक वेळा टाय-इनचं संकलन असतं.

मेलेले नायक परत येतात का?
– एक वाचक, अशोक चौक

येतात. ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’च्या आठव्या अंकात 1985 साली गेलेला बॅरी अ‍ॅलन, म्हणजे डीसीचा फ्लॅश, 2008मध्ये परतला. एवढी वाट पाहायला लावणारे थोडेच.

मुलगा बारा वर्षांचा आहे. आम्ही वेताळ-मँड्रेकवर वाढलो. त्याला हवंय भलंमोठं ऑम्निबस. घेऊन द्यावं का? आणि आपल्या उन्हाळ्यात टिकेल का?
– एक पालक, विजापूर रोड

ऑम्निबसनं, म्हणजे बरेच अंक एकत्र बांधलेल्या जाडजूड पुस्तकानं, सुरुवात नको. दोन-अडीच किलोचं पुस्तक मांडीवर धरून मूल फार वेळ वाचत नाही आणि पार्सलमध्ये त्याचे कोपरे हमखास चेपतात. ‘इन्फिनिटी गाँटलेट’चं पेपरबॅक घ्या: 1991चे 6 अंक, लेखक जिम स्टारलिन. खलनायक थॅनोस निम्मं विश्व संपवणारी चुटकी वाजवतो ती हीच गोष्ट आणि ती पहिल्याच अंकात वाजते. चौथ्या अंकात नायक एकामागून एक मारले जातात, तेवढा अंक आधी स्वतः चाळून बघा. त्याच अंकात मध्येच चित्रकार बदलतो, जॉर्ज पेरेझच्या जागी रॉन लिम येतो, पोरगं विचारेल. आवडलं तर ‘थॅनोस क्वेस्ट’चे दोन अंक मागाहून द्या. क्रमानं ते आधीचे आहेत, पण नंतर वाचूनही मजा जात नाही. हिंदी वाचत असेल तर राज कॉमिक्समधला नागराज आणि ध्रुव यांचा एकत्र विशेषांकही चालेल. एका पुस्तकात गोष्ट संपते.

मोबाइलवर नका देऊ. अमेरिकन कॉमिकचं पान साधारण 17 बाय 26 सेंटीमीटर असतं आणि इव्हेंटमध्ये जोडपानं जास्त. दहा इंची टॅब असेल तर ठीक.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर पुस्तकं ठेवू नका. पेपरबॅकची पानं नुसती गोंदानं चिकटवलेली असतात. उष्णतेनं गोंद मऊ होतो, पुढे कडक होऊन तडकतो आणि पानं सुटतात. पेपरबॅक उभी ठेवा, फार दाबून नको. पुढेमागे ऑम्निबस घेतलंच तर ते आडवं ठेवा, कारण उभं ठेवलं की पानांचा गठ्ठा स्वतःच्या वजनानं खाली ओघळतो. सुट्या अंकांना शाळेच्या वहीचं जाड पीव्हीसी कव्हर घालू नका. उन्हाळ्यात ते छपाईला चिकटतं आणि काढताना शाई घेऊन निघतं. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घ्या.