वॉशिंग्टन डीसीत जुनं घर घेताय? मग नळाचं पाणी उकळून भागणार नाही

तुम्ही विचारलंय की तिथल्या कॅपिटल हिल भागात १९२० च्या सुमाराचं घर भाड्याने मिळतंय, सोबत तान्ही मुलगी आहे, तर पुण्यासारखं पाणी उकळून घेतलं की झालं का? नाही झालं. उकळल्याने जंतू मरतात, पण जुन्या पाइपातून पाण्यात उतरणारं शिसं जात नाही. उलट पाणी आटून त्याचं प्रमाण थोडं वाढतंच.

जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी चांगलं निघतं. शिसं मिसळतं ते मेन लाइनपासून घरात येणाऱ्या जुन्या शिशाच्या पाइपात, आणि किती मिसळेल हे पाण्यातल्या जंतुनाशकावरही ठरतं. पूर्वी इथे नुसतं क्लोरीन असायचं. त्याने पाइपात आतून लेड डायऑक्साइडचा थर धरला होता, कल्हईसारखा. नोव्हेंबर २००० मध्ये क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीनला अमोनियाची जोड, सुरू केलं. हेतू चांगलाच होता: क्लोरीनमुळे पाण्यात तयार होणारी ट्रायहॅलोमिथेन्स ही अपायकारक संयुगं कमी करायची होती. पण क्लोरामाइनची ऑक्सिडीकरणाची ताकद कमी पडते. तो थर टिकेना, शिसं पाण्यात उतरू लागलं. सरकारी नियमाने कारवाईची पातळी तेव्हा १५ पीपीबी (अब्ज भागांत १५ भाग), आणि काही घरांत आकडा ३०० च्या वर! लोकांना याचा खरा अंदाज आला तो जानेवारी २००४ मध्ये, वर्तमानपत्रातून. मला तर रसायनशास्त्रापेक्षा हाच भाग जास्त चीड आणतो. त्याच वर्षी पाण्यात ऑर्थोफॉस्फेट हे पाइपाची झीज रोखणारं रसायन घालायला लागले, त्याचा नवा थर बसला आणि प्रमाण उतरलं.

पाइप मात्र अजून सगळे बदललेले नाहीत. सही करण्याआधी डीसी वॉटर या शहराच्या पाणीपुरवठा संस्थेच्या ऑनलाइन नकाशात पत्ता टाकून बघा, घरमालकाला लेखी विचारा. तळघरात पाइप आत शिरतो तिथे किल्लीने हलकं खरवडा: मऊ, रुपेरी चकाकी दिसली आणि चुंबक चिकटलं नाही, तर शिसं समजा. फक्त अंगणातला अर्धा पाइप बदललाय असं सांगितलं तर खूश होऊ नका. कापाकापीने काही काळ शिसं वाढूही शकतं.

तिकडून यूव्हीचं मशीन आणू नका, शिशापुढे ते निरुपयोगी. एनएसएफ ५३ या अमेरिकी मानकाचं प्रमाणपत्र असलेला फिल्टर घ्या, खोक्यावर शिशाचा स्पष्ट उल्लेख हवा. बाळाचं दूध आणि भातसुद्धा त्याच पाण्यात, आणि नेहमी गार नळाचं. गरम पाण्यात शिसं जास्त विरघळतं. वसंतात काही आठवडे जलवाहिन्या साफ करायला पुन्हा नुसतं क्लोरीन सोडतात. तेव्हा वास येईल, घाबरू नका.