हॅग्रिडच्या पलीकडचे रॉबी कोल्ट्रेन

हॅरी पॉटरच्या चित्रपटांत हॅग्रिड साकारणारे रॉबी कोल्ट्रेन मुळात विनोदी नट होते का, आणि त्यांचे आणखी काय पाहावे, असे आपण विचारले आहे. विनोदी नट ते होतेच. परंतु त्यांचे सर्वांत मोठे काम मला १९९३ साली सुरू झालेल्या ‘क्रॅकर’ या गुन्हेविषयक मालिकेत दिसते, आणि विनोदात मुरलेला नट नसता तर ते काम तसे उभे राहिले नसते, असे माझे ठाम मत आहे.

त्यांचे खरे नाव अँथनी रॉबर्ट मॅकमिलन. ३० मार्च १९५० रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराला लागून असलेल्या रदरग्लेन या गावी त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर होते आणि पोलिसांसाठीही काम करीत. आई शिक्षिका होती व पियानो वाजवत असे. त्यांनी ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेतले, पण अखेर ते अभिनयाकडे वळले, आणि जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्यावरील प्रेमापोटी त्यांचेच आडनाव लावू लागले.

१९८०च्या दशकात ‘द कॉमिक स्ट्रिप प्रेझेंट्स’ आणि ‘अल्फ्रेस्को’ या विनोदी मालिकांतून ते ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचले. त्या काळातले माझे सर्वांत आवडते काम म्हणजे ‘ब्लॅकॅडर’ या विनोदी मालिकेच्या तिसऱ्या पर्वातला शब्दकोशकार सॅम्युएल जॉन्सन. इंग्रजीतला प्रत्येक शब्द आपल्या कोशात आहे, असे जॉन्सन छाती फुगवून सांगतो. त्यावर ब्लॅकॅडर अत्यंत गंभीर चेहऱ्याने एक मनाने रचलेला शब्द वापरून त्याचे अभिनंदन करतो. जॉन्सनची छाती तिथल्या तिथे बसते आणि तो घाईघाईने तो शब्द लिहून घेऊ लागतो. त्या दोन-तीन क्षणांत कोल्ट्रेन यांच्या चेहऱ्यावर गर्व, शंका आणि घबराट एकामागून एक उतरतात, आणि एवढा धिप्पाड माणूस चूक सापडलेल्या शाळकरी मुलासारखा दिसू लागतो.

१९८७ साली बीबीसी स्कॉटलंडची ‘टुटी फ्रुटी’ आली. जॉन बर्न यांनी लिहिलेल्या या मालिकेत उतरणीला लागलेल्या एका स्कॉटिश रॉक बँडचा गायक अपघातात मरतो आणि त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ डॅनी उभा राहतो. दोन्ही भाऊ कोल्ट्रेनच आहेत. हसवता हसवता आतले दुःख दाखवण्याची त्यांची ताकद इथे प्रथम पूर्णपणे प्रकटली.

‘क्रॅकर’ जिमी मॅकगव्हर्न यांनी लिहिली आणि ती मँचेस्टरमध्ये घडते. डॉ. एडवर्ड फिट्झजेराल्ड ऊर्फ फिट्झ हा मानसशास्त्रज्ञ पोलिसांना मदत करतो. तो अतोनात दारू पितो, सिगारेटी ओढतो, जुगारात पैसे घालवतो आणि घर मोडत असताना इतरांच्या मनाचे अचूक निदान करतो. पहिल्याच भागात तो विद्यार्थ्यांसमोर मोठमोठ्या तत्त्वज्ञांची नावे घेत त्यांचे ग्रंथ एकेक करून भिरकावतो. माणूस समजून घ्यायचा असेल तर आधी स्वतःच्या आत डोकवा, असा त्याचा आग्रह. संशयितासमोर बसल्यावर हाच गडी आवाज चढवत नाही. उलट स्वतःच्या मनातली घाण मित्राला सांगावी तशी सांगत जातो, मध्येच थांबतो, आणि त्या शांततेत समोरचा माणूस बोलून जातो. ते थांबणे किती लांबवायचे, हे कोल्ट्रेन यांना नेमके कळत असे. असे गणित प्रेक्षकांना हसवता हसवताच अंगी बाणते, असे मला वाटते. या भूमिकेसाठी त्यांना १९९४, १९९५ आणि १९९६ अशी सलग तीन वर्षे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा बाफ्टा हा ब्रिटनमधला मानाचा पुरस्कार मिळाला.

बाँडच्या ‘गोल्डनआय’ (१९९५) आणि ‘द वर्ल्ड इज नॉट इनफ’ (१९९९) या चित्रपटांत त्यांनी व्हॅलेंटिन झुकोव्स्की हा रशियन रंगवला. त्या भूमिका झकास असल्या तरी छोट्या आहेत.

हॅग्रिडसाठी जे. के. रोलिंग यांच्या डोळ्यांसमोर पहिल्यापासून तेच होते. अर्धा राक्षस असलेल्या हॅग्रिडचा भव्य आकार दाखवण्यासाठी लांबून घेतलेल्या दृश्यांत मार्टिन बेफील्ड हे रग्बी खेळाडू उभे राहत, तसेच हॅग्रिडच्या झोपडीचे लहान-मोठे सेट बांधले होते. मात्र हॅग्रिडचे मन सर्वस्वी कोल्ट्रेन यांचे आहे. पहिल्या चित्रपटात तो दार पाडून आत येतो, ओशाळून माफी मागतो, दार उचलून जागेवर लावतो आणि मग हॅरीला वाढदिवसाचा चेपलेला केक देतो, कारण वाटेत बहुधा तो स्वतःच त्यावर बसला होता. राक्षसी देहाचे हे लाजणे पाहून मुले घाबरण्याऐवजी त्याच्याकडे ओढली जातात.

पुढे गुडघ्यांच्या दुखण्याने त्यांना फार त्रास दिला. २०१६ सालच्या ‘नॅशनल ट्रेझर’मध्ये ते काठी टेकत चालणारा वृद्ध विनोदी कलावंत झाले आहेत, ज्याच्यावर अनेक वर्षांपूर्वीच्या लैंगिक अत्याचाराचे आरोप होतात. तो दोषी आहे की नाही, हे ते चेहऱ्यावर सहजासहजी वाचू देत नाहीत. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी, वयाच्या ७२व्या वर्षी, स्कॉटलंडमधल्याच लार्बर्टच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

आपण सुरुवात ‘क्रॅकर’च्या पहिल्या भागापासून करावी. त्यानंतर ‘टू बी अ समबडी’ ही कथा अवश्य पाहावी. हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानावरील चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेने पोखरलेल्या, रॉबर्ट कार्लाइल यांनी साकारलेल्या माणसासमोर फिट्झ बसतो, तेव्हा दोघांपैकी कोणावरून नजर हटवावी हे मला आजही कळत नाही.