जुनी प्रवासी जहाजं भंगारात का काढतात? हॉटेल करून जपता येत नाहीत का?

तुम्ही विचारलंय की एवढी देखणी जुनी प्रवासी जहाजं तोडण्यापेक्षा हॉटेल किंवा म्युझियम करून का ठेवत नाहीत, आणि लोकांना त्यांचं एवढं वेड का. मी दारव्हा तालुक्यातला माणूस. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या चौतिसाव्या वर्षी, आणि तोही गुजरातमधल्या अलंगला, म्हणजे जहाजं जिथं मरायला येतात तिथं. तरी लिहितो, कारण या एका विषयावरून आमच्या घरात दहा-पंधरा वर्षं धुसफूस चालू आहे.

हॉटेल करा म्हणणं सोपं आहे. जहाज काठाला बांधलं की कमाई थांबते, खर्च थांबत नाही. लोखंड खाऱ्या पाण्यात उभं असतं, आत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसाला घातक असा माल भरलेला असतो, आणि धक्क्याचं भाडं रोज चढत असतं. क्वीन मेरीचं उदाहरण सगळे देतात. 1967 पासून ती कॅलिफोर्नियात लाँग बीचला उभी आहे, हॉटेल आहे, लोक जातात. पण तिचे बॉयलर कधीच काढून टाकलेत आणि डागडुजीपायी त्या शहराच्या नाकी नऊ आलेत. क्यूई-टू, म्हणजे क्वीन एलिझाबेथ-टू हे जहाज, 2008 मध्ये दुबईला गेली, हॉटेलचं दार उघडायला 2018 उजाडलं. दुबईसारख्या पैसेवाल्या गावाला दहा वर्षं लागली, बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

आता आमची गोष्ट.

आमचं बिछायत केंद्र आहे. मंडप, गाद्या, भांडी, खुर्च्या. 2008 च्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, दादा आणि मी आयशर घेऊन अलंगला निघालो. अकोल्याच्या एका भांडेवाल्यानं सांगितलं होतं की बोटीचा माल स्वस्त मिळतो आणि जन्मभर टिकतो. दोन रात्री गाडीत काढल्या. त्रापजहून अलंगकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दुकानंच दुकानं. एकात नुसत्या गाद्या, एकात नुसती संडासाची भांडी, एकात पुरुषभर उंचीची स्वयंपाकाची पातेली आणि कणीक मळायची यंत्रं. नारिंगी लाइफ जॅकेटचा ढीग गंजीसारखा रचलेला. दादा म्हणाला, "हे घेऊन कोन बुडते इथं?"

एका दुकानात खुर्च्या दिसल्या. लाकडी, गोल पाठीच्या, मरून रंगाचं रेक्झिन, पितळी खिळे. दुकानदार म्हणाला, ब्लू लेडीच्या आहेत.

ब्लू लेडी म्हणजे मूळचं फ्रान्स हे जहाज. दुकानातल्या पोऱ्यानं मला गल्लीच्या टोकाला नेऊन लांबूनच दाखवलं. चिखलात रुतलेलं निळं, लांबच लांब धूड. तीच होती की नाही, देव जाणे. मला तेव्हा सगळी जहाजं सारखीच. नाव डोक्यात बसलं आणि नंतर मी जे मिळेल ते वाचत सुटलो. 1960 मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष दगॉल यांच्या बायकोच्या हस्ते ती पाण्यात उतरवली. लांबी 315 मीटरच्या वर, तेव्हा जगातलं सगळ्यात लांब प्रवासी जहाज. 1962 ला न्यूयॉर्कच्या फेऱ्या सुरू झाल्या, पण तोवर जेट विमानं अटलांटिक ओलांडायला लागून तीन-चार वर्षं झाली होती. म्हणजे जन्मतःच उशीर झालेला. मग तेल भडकलं, सरकारनं अनुदान बंद केलं, 1974 मध्ये खलाशांनी जहाज ताब्यात घेऊन फ्रान्समधल्या ल हाव्र गावच्या बंदराच्या तोंडातच उभं केलं, पण ते काही वाचलं नाही. नंतर चारेक वर्षं ते ज्या धक्क्याला पडून होतं त्याला तिथले लोक विस्मृतीचा धक्का म्हणायचे.

एका नॉर्वेच्या मालकानं 1979 मध्ये ते घेतलं आणि कॅरिबियन सहलींना लावलं. हे मला फार आवडतं, म्हणून थोडं सांगतो. त्यानं जहाज जपलं नाही, त्याला कामाला लावलं. जहाज ढकलणाऱ्या चार पंख्यांपैकी दोन काढले, एक इंजिनखोली बंद केली, वेग कमी झाला पण तेलाचा खर्च आटोक्यात आला. तिकडची लहान बंदरं उथळ, हे धूड आत जाईना. तर माणसं काठावर न्यायला दोन मोठ्या होड्या जहाजाच्या डेकवरच बसवल्या. अशी वीसेक वर्षं आणखी चालवली. 2003 मध्ये मायामीत बॉयलर फुटला, आठ कामगार गेले, आणि तिथं संपलं. 2006 च्या ऑगस्टात अलंगच्या किनाऱ्यावर चढवलं, ॲस्बेस्टॉसवरून सुप्रीम कोर्टात भांडण झालं, 2007 मध्ये तोडायची परवानगी मिळाली.

तर खुर्च्या. दादानं एक उचलून पाहिली आणि खाली ठेवली. "एका खुर्चीले दोन पोट्टे लागन. कायले घेतं?" मी साठ घेतल्या, साडेचारशेला एक. धुळ्यापर्यंत दादा बोलला नाही.

पहिलंच लग्न बोरी अरबला. व्याह्यांसाठी पुढच्या दोन रांगांत या खुर्च्या मांडल्या. लोक हात फिरवून बघत होते, मी मिशीत हसत होतो. मंगलाष्टकं सुरू झाली, नवरदेवाची आत्या अक्षता घेऊन उठली, आणि टर्रकन आवाज आला. शालूचा काठ खुर्चीखाली कशात तरी अडकून कमरेपर्यंत फाटला. मग दुसरी. मग तिसरी. अंतरपाट धरलेला आणि इकडे बायांचा आरडाओरडा. त्या दिवशी बिछायतीचे पैसे तर गेलेच, शालूचेही आम्हीच भरले.

रात्री गोदामात टॉर्च लावून एक खुर्ची उलटी केली. बैठकीखाली बरोबर मधोमध करंगळीएवढा जाड लोखंडी हूक. कशाला असेल ते कळेना. नंतर फोटो बघितले तेव्हा उमगलं: जहाजाच्या जेवणघरात जमिनीला कड्या असत, आणि दर्या खवळला की खुर्ची साखळीनं त्या कडीला बांधत, म्हणजे माणूस ताटासकट घरंगळत जाऊ नये. त्या हुकाला बाहेरून रंग होता, पण आतली बाजू घासून घासून चांदीसारखी झाली होती. बैलगाडीच्या जुन्या कडीची होते तशीच. मी तिथं अंगठा फिरवत बराच वेळ बसलो होतो. तुम्ही वेड का म्हणून विचारलंय ना? ते हेच. झुंबर, नाचघर, नट-नट्यांचे फोटो हे बाकीच्यांना. मला वाटतं की या कडीनं कुठल्या तरी वादळात कुणाला तरी धरून ठेवलं होतं, आणि ते माणूस सूप पीत होतं.

सकाळी दादा ग्राइंडर घेऊन बसला. अठ्ठेचाळीस हूक कापले. बारा मी कापू दिले नाहीत. त्या बारा कधी लग्नाला जात नाहीत, माडीवर आहेत.

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे माझ्या मुद्द्यावर. सगळ्यात वाईट तोडणं नाही. सगळ्यात वाईट आहे "बघू, काहीतरी करू" म्हणत बांधून ठेवणं. युनायटेड स्टेट्स नावाचं जहाज बघा. 1952 मध्ये पहिल्याच फेरीत 3 दिवस 10 तास 40 मिनिटांत अटलांटिक पार केला. आगीच्या भीतीनं त्याच्यावर लाकूड म्हणून काय ते पियानो आणि खाटकाचा ठोकळा. 1969 मध्ये थांबवलं. सतरा वर्षं काम आणि मग पंचावन्न वर्षं बांधून! आतलं सामान 1984 मध्येच लिलावात गेलं. 1996 पासून फिलाडेल्फियात रंग सोलपटत उभं. वाचवणारी संस्था होती, वर्गणी होती, आराखडे होते. शेवटी धक्केवाल्यानं कोर्टातून बाहेर काढलं आणि 2025 च्या फेब्रुवारीत ओढत अलाबामाला नेलं. का, तर साफ करून फ्लोरिडाच्या समुद्रात बुडवायचं, माशांना घर आणि पाण्यात बुड्या मारणाऱ्यांना गंमत म्हणून. सन 70 मध्येच निकाल लावला असता तर निदान आतलं सगळं एकत्र कुठंतरी गेलं असतं.

हेच मी दादाला 2010 मध्ये सांगत होतो. आजोबांचा वाडा. सागवानी खांब, कोरीव चौकट, वर मातीचं धाबं. बाबा गेल्यावर तिथं कोणी राहत नव्हतं. अमरावतीचा जुन्या सागवानाचा व्यापारी आला, चार लाख म्हणाला. मी म्हटलं, दर्शनी चौकट आणि दोन खांब ठेवू, नव्या घराला लावू, बाकी देऊन टाकू. दादा म्हणाला, "बाबाची आठवण इकत नसते." बरं, नको विकू, मग धाबं दुरुस्त कर. तेही नाही. कुलूप लावलं. सागवानाले उधई लागत नाही, हे त्याचं पालुपद. उधई नसेल लागत, पाणी तर लागतं ना! आठ पावसाळे धाब्यातून पाणी खांबांच्या डोक्यात मुरलं, भिंतीत पिंपळ उगवला, एका श्रावणात मधली मयाल खाली आली. तोच व्यापारी पुन्हा आला. त्यानं खांबावर बोटाचं हाड वाजवून पाहिलं. पहिल्यांदा आला होता तेव्हा टण्ण वाजला होता. या वेळी डब् वाजला. म्हणाला, "भाऊ, आता हे जळतण होय."

फ्रान्स जहाजाचं काय केलं माहीत आहे? ते अलंगला तुटलं, पण त्याचं नाक, म्हणजे अगदी पुढचं टोक, वेगळं कापून मायदेशी परत नेलं. आज ते ल हाव्रला काठावर उभं आहे. टायटॅनिकची थोरली बहीण ऑलिंपिक 1935 मध्ये तोडायला काढली, तेव्हा तिचं लाकडी नक्षीकाम उत्तर इंग्लंडमधल्या ॲल्निक गावच्या व्हाइट स्वान हॉटेलनं घेतलं. आजही लोक तिथं बसून जेवतात. एक तुकडा वेळेवर उचलायचा आणि बाकीच्याला जाऊ द्यायचं. आमच्या चौकटीचं काय झालं ते विचारू नका.

आमच्याकडं शकुंतला रेल्वेचंही तेच. यवतमाळ-मूर्तिजापूर गाडी बंद पडली, रुळांत बाभळी वाढल्या. बचावच्या सभेला सगळे येतात, बोलेरोनं येतात. गाडी होती तेव्हा तिकीट कोण काढत होतं? मीही नाही काढलं, एसटीनं जात होतो. पण म्हणून उगाच गळे काढत नाही.

आता जरा मागं घेतो. मी जहाजातला माणूस नाही, वाचून बोलतोय. जपलेलं सगळंच फसतं असंही नाही. योकोहामाला हिकावा मारू हे 1930 चं जहाज छान म्युझियम आहे, रॉटरडॅमला त्याच नावाचं 1959 चं जहाज हॉटेल म्हणून चालतं. दोन्ही आपापल्या गावची, गावानं आपली मानलेली. ब्रुनेल या इंजिनिअरचं ग्रेट ब्रिटन नावाचं जहाज 1970 मध्ये पार फॉकलंडहून ब्रिस्टलला परत आणलं, ते आजही आहे. आणि शेवटचं एक. उरलीसुरली जुनी जहाजं निघाली ती नुसती पैशानं नाही. ऑक्टोबर 2010 पासून आगीचे नियम असे कडक झाले की जुन्या लाकडी सजावटीची जहाजं प्रवाशांना घेऊन जाऊच शकेनात. हे आधी सांगायला हवं होतं, पण दादाचा विषय निघाला की माझं असं होतं.

दादाची बाजूही सांगतो. परवा माडीवर आला, त्या बारा खुर्च्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "मंग हे काय होय? वापरत नाही, इकत नाही, धूळ खाऊन रायल्या." मी म्हटलं, हा तुकडा आहे, जहाज नाही. तो हसला आणि त्यातल्याच एकीवर बसून चहा प्यायला.

त्याला एक गोष्ट अजून सांगितलेली नाही, तुम्हाला सांगतो. वाचता वाचता कळलं की फ्रान्स बांधताना आगीच्या धास्तीनं सजावटीत लाकूड जवळजवळ वापरलंच नव्हतं. सगळं ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक, फॉर्मायका. म्हणजे माझ्या लाकडी खुर्च्या ब्लू लेडीच्या असायची शक्यता फार कमी. कुठल्या जहाजाच्या आहेत कोण जाणे.

तुम्हाला बघायचंच असेल तर दुबईची क्यूई-टू आपल्याला सगळ्यात जवळची. आणि अलंगला गेलात तर भावनगर-तळाजा रस्त्यानं त्रापजला वळा. दुकानात बोटीचं नाव सांगतील, त्यावर एक रुपयाही जास्त देऊ नका, आणि खुर्ची घेण्याआधी खाली हात घालून बघा.