‘हे कुठल्या कॉलममध्ये भरू?’

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारावी सायन्सला ४६ टक्के, पीसीएमचे (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) त्याहून कमी. अकरावीत वडील गेले, तेव्हापासून सकाळी आईबरोबर डबे पोचवतोस. आणि आता, सगळं झाल्यावर, एका समुपदेशक बाईंनी सांगितलं की तुला डिस्लेक्सिया असावा. इंजिनिअरिंग जमेल की बीए करू? आणि हे सगळं अर्जात लिहिलं तर कोणी ऐकेल का?

अरे-तुरे करते, राग मानू नकोस. माझा धाकटा भाऊ तुझ्याच वयाचा आहे.

तुझ्या जागी मी उभी राहिलेली आहे, म्हणून आधी माझं सांगते. आम्ही चिपळूणचे. बाबांचं बाजारपेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान. कोरोनात शाळाच बंद, त्यामुळे माल तसाच पडून होता. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी आलं आणि तो सगळा चिखलात गेला. चार दिवसांनी शटर उघडायला गेलो तर उघडेना. आत वह्या पाणी पिऊन इतक्या फुगल्या होत्या की त्यांनी शटर आतून दाबून धरलं होतं. दिवाळीच्या आधी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली. मी बारावीला. सकाळी त्यांचं सगळं आवरायचं, दुपारी आईबरोबर दुकान, रात्री अभ्यास.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर पूर नसता आला तरी मला फार मार्क पडले नसते. लहानपणापासून भ आणि म, घ आणि ध यांत माझी गल्लत. रफार कुठे द्यायचा ते कळायचं नाही. फिजिक्सला सूत्र बरोबर, पण ६.६३ उतरवताना ६.३६ व्हायचं. ‘अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय’ आणि ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही’, ही दोन वाक्यं मी पहिलीपासून ऐकली. तिसरं कोणी बोललंच नाही. २०२२च्या बारावीला बोर्डाने कोरोनामुळे सगळ्यांनाच अर्धा तास जास्त दिला होता, मला तोही पुरला नाही. ८ जूनला निकाल लागला: पीसीएम ३००पैकी १२८. इंजिनिअरिंगला खुल्या गटात ४५ टक्के लागतात, म्हणजे १३५. सात मार्कांनी बाहेर.

मग मी तेच केलं जे तू करायच्या विचारात आहेस. चार पानी अर्ज लिहिला. पूर, बाबा, अभ्यास, सगळं. मामेभावाकडून शुद्धलेखन तपासून घेतलं आणि एका कॉलेजच्या प्रवेश खिडकीवर नेऊन दिला. तिथल्या क्लार्क बाईंनी तो खरंच पूर्ण वाचला. चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, “बाळा, हे सगळं खरं असेल गं. पण मी हे कुठल्या कॉलममध्ये भरू?”

त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला होता की घरी येईपर्यंत रडत होते. आज वाटतं, प्रवेशाबद्दल मला कोणी सांगितलेली सगळ्यात कामाची गोष्ट तीच. आपल्याकडे प्रवेश कॉम्प्युटरवरच्या यादीतून होतो. यादी तुझी कहाणी वाचत नाही, रकाना वाचते. म्हणून कहाणीचा कुठला तुकडा कुठल्या रकान्यात बसतो ते शोधायचं, आणि जो कशातच बसत नाही तो वेगळ्या दारात न्यायचा.

तुझा सगळ्यात मोठा रकाना आहे दिव्यांग. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया तिच्यातच येतो) त्यांपैकी एक. आधीच्या १९९५च्या कायद्यात ती नव्हतीच. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त लिहिलेलं असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात. आणि इंजिनिअरिंगसाठी पात्रतेची अट महाराष्ट्रातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांना ४५ची ४० होते. ३००पैकी १२०. माझे १२८ होते! त्या खिडकीवर मी ज्या दिवशी रडत उभी होते त्या दिवशीही मी पात्र ठरू शकले असते, फक्त हातात कागद नव्हता.

तुझ्या समुपदेशक बाईंचं पत्र म्हणजे तो कागद नाही, हे आधीच सांगते. खासगी रिपोर्ट दाखवायला उपयोगी पडतो, पण प्रमाणपत्र सरकारने ठरवून दिलेल्या रुग्णालयातूनच निघतं. यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) सरकारी पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा आणि तपासणीला जायचं. अडचण अशी की यासाठी बालरोगतज्ज्ञांच्या जोडीला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लागतो आणि तो सगळ्याच ठिकाणी नसतो. मला मुंबईला जावं लागलं, रात्रीच्या एसटीने, चार खेपा. पहिल्या खेपेला डोळे, कान आणि बुद्ध्यांक. दुसऱ्या खेपेला वाचन, लेखन, गणित. तिसऱ्या खेपेला “आज मॅडम रजेवर आहेत.” (म्हणून चौथी खेप. फोन करून जात जा.)

त्याआधी घरात महाभारत झालं. आई म्हणाली, “चांगली धडधाकट पोरगी, तिच्या नावापुढे अपंग लिहायचं? उद्या स्थळं बघताना काय सांगू?” बाबांना तेव्हा नीट बोलता येत नव्हतं. त्यांनी उजव्या हाताने माझी मार्कशीट पुढे ओढली, १२८वर बोट ठेवलं आणि आईकडे बघितलं. आई गप्प झाली. पटलं असं नाही, पण एसटीच्या तिकिटाचे पैसे दिले.

रुग्णालयात त्यांनी शाळेच्या जुन्या वह्या मागितल्या. अक्षमता लहानपणापासून आहे, बारावी आपटल्यावर सुचलेलं निमित्त नाही, हे त्यांना बघायचं असतं आणि ते रास्तच आहे. पण माझ्या पहिलीपासूनच्या वह्या दुकानाच्या पोटमाळ्यावर होत्या. म्हणजे वाशिष्ठीत. शेवटी गुहागरच्या आत्याला फोन केला. तिने देवघराच्या खणातून माझं चौथीतलं पत्र काढून पाठवलं: “प्रिय आत्या, माऊबीजेला नक्की ये.” भाऊबीज नाही, माऊबीज. खाली ‘तुझी लाडकी’ मधला ड उलटा. तपासणाऱ्या मॅडमनी ते दोनदा वाचलं, हसल्या आणि त्याची झेरॉक्स फाइलला लावली. आमच्या घरात अजून भाऊबीजेला माऊबीजच म्हणतात.

प्रमाणपत्र आलं तोवर २०२२चे प्रवेश संपले होते. एक वर्ष गेलं. ते वाया गेलं असं वाटायचं, पण त्याच वर्षाने मला सीईटी दिली. एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते, यादी लागते ती सीईटीच्या पर्सेंटाइलवर. पर्याय निवडायचे असतात, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि अक्षर कोंबडीचे पाय असलं तरी कॉम्प्युटरला फरक पडत नाही. शिवाय दिव्यांग प्रमाणपत्रावर तासाला २० मिनिटं जास्त, म्हणजे १८० मिनिटांच्या पेपरला पूर्ण एक तास. पण हा तास फॉर्म भरतानाच मागावा लागतो, प्रमाणपत्र जोडून. हॉलतिकीट आलं की त्यावर नोंद आहे का ते बघ आणि सोबत नियमाची एक प्रत ठेव. उगाच सांगत नाही. २०२१च्या नीटला (मेडिकलची प्रवेश परीक्षा) डिसग्राफिया, म्हणजे लेखनाची अक्षमता, असलेल्या एका विद्यार्थिनीला केंद्रावर हा तास दिलाच नाही. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. तिच्यावर अन्याय झाला हे न्यायालयाने नोव्हेंबर २०२१मध्ये मान्य केलं, पण फेरपरीक्षा काही मिळाली नाही. बरोबर असूनही तास गेला तो गेलाच.

तुझे पीसीएम १२०च्याही खाली असतील तर? मग बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे. उत्तीर्ण झालेल्यालाही परत बसता येतं आणि या वेळी प्रमाणपत्राच्या जोरावर जादा वेळ, गरज असेल तर लेखनिकही मागता येतो. मी तो मार्ग घेतला नाही कारण माझं काम १२८मध्ये भागलं. डिप्लोमाचा मार्गही आहे: तो दहावीच्या मार्कांवर, आणि तिथून थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला.

बीएचं विचारलंस. सायन्सवरून आर्ट्सला जाता येतं, त्यात कमीपणा मानू नकोस. फक्त इंजिनिअरिंग जमणार नाही म्हणून बीए, असं करू नकोस, कारण बीएला वाचन आणि लेखन इंजिनिअरिंगच्या दुप्पट आहे आणि आपल्यासारख्यांना तेच जड जातं. खरोखर मानसशास्त्र वगैरे करायचं असेल तर २०२२पासून केंद्रीय विद्यापीठांत सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेवर प्रवेश होतात, तिथेही बारावीचे टक्के बाजूला पडतात. घर सोडता येत नसेल, डब्यांचं काम चालू ठेवायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. मुक्त विद्यापीठाची डिग्री कमी दर्जाची असं काका-मामा सांगतील. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम असेल तर ती नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता वडील जाण्याचा रकाना. ऐकायला कठोर वाटेल, पण घरातलं दुःख यादीत कुठेच बसत नाही. घरातलं उत्पन्न बसतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढ, आईच्या नावावर. आठ लाखांच्या आत असेल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी ट्यूशन फी सुटते. मुलींना २०२४-२५पासून पूर्ण सुटते, त्यामुळे आमच्या घरी माझ्यापेक्षा आईलाच जास्त बरं वाटलं. दिव्यांगांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तिथेच वेगळी आहे. वर्ष मोकळं गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं, तेही करून ठेव. आणि प्रत्येक कागद स्कॅन करून दोन ठिकाणी ठेव. चिपळूणच्या माणसाचं एवढं ऐक.

मग ती चार पानं वायाच का? नाही. काही विद्यापीठांत अर्ज माणसं वाचतात. बंगळुरूचं अझीम प्रेमजी, हरियाणातलं अशोका, इथे मुलाखत होते आणि घरच्या परिस्थितीनुसार फी माफही होते. मी त्यांपैकी एका ठिकाणी अर्ज केला होता. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘नियतीने आमच्या कुटुंबावर घाला घातला.’ आमच्या मराठीच्या बाईंनी त्यावर काट मारली आणि विचारलं, “नियतीचं राहू दे, तू त्या दिवशी काय केलंस?” मग मी लिहिलं की ओल्या वह्यांतली कोरी पानं वेगळी करून आम्ही छतावर दोरीला चिमटे लावून वाळवली आणि पाच रुपयांना गठ्ठा अशी विकली. मुलाखतीत मला फक्त त्याबद्दलच विचारलं. माझी निवड झाली नाही, ते सोड. पण तू लिहिशील तेव्हा ‘अनेक संकटांना तोंड दिलं’ असं लिहू नकोस. किती वाजता उठतोस, किती डबे, कुठून कुठे, वाचताना शब्द नेमके कसे घसरतात, ते लिही. एका पानात.

शेवटी एक चूक सांगते, माझीच. प्रवेश मिळाल्यावर लाजेने मी कॉलेजच्या परीक्षा विभागाला काही सांगितलंच नाही. वाटलं, इथे कोणाला माहीत नाही, नवीन सुरुवात. पहिल्या सेमिस्टरला एम-वनला (गणिताचा पहिला पेपर) केटी लागली, म्हणजे विषय राहिला. नऊ मार्कांचा एक प्रश्न हात न लावता राहिला, येत असून. प्रवेशाची सवलत आपोआप परीक्षेला लागू होत नाही, तिथे वेगळा अर्ज लागतो. तो दुसऱ्या सेमिस्टरला केला, दहा मिनिटांचं काम निघालं, आणि केटी सुटली.

तर कॉलेजांच्या याद्या उद्या बघ. आज माळ्यावर चढ, आईला विचार, आत्या-मावशीला फोन कर. तुझ्या जुन्या वह्या रद्दीत गेल्या नसतील तर आजच बाजूला काढ.