पहिल्या दिवशी रेस अर्धवट सुटूनही भारताची ४×४०० रिले टीम (चौघं आळीपाळीने ४००-४०० मीटर पळतात) पॅरिस ऑलिम्पिकला कशी गेली?

दुसऱ्या दिवशी अजून एक चान्स होता म्हणून गेली. मे २०२४ ला बहामातल्या नासाऊला वर्ल्ड रिलेज ही रिले शर्यतींची जागतिक स्पर्धा झाली तेव्हाचे रिझल्ट बघितले की कळतं, पहिल्या दिवशी चार हिट (म्हणजे गटवार शर्यती), प्रत्येकीतल्या पहिल्या २ टीम थेट ऑलिम्पिकला, उरलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी तीन हिट आणि त्यातल्याही पहिल्या २, म्हणजे ८ अधिक ६ अशा १४ टीम तिथेच ठरल्या.

आपल्या पुरुषांचं पहिल्या दिवशी फार वाईट झालं, दुसऱ्या लेगला, म्हणजे दुसऱ्या धावपटूच्या टप्प्यात, राजेश रमेशच्या पायात क्रॅम्प आला आणि तो ट्रॅकबाहेर गेला, पुढचे दोघं बॅटनची वाट बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी आरोक्य राजीव उतरला आणि अनस, अजमल, अमोज यांच्यासोबत ३:०३.२३ मध्ये अमेरिकेमागे दुसरा नंबर काढला, काय जिगर लागते त्याला! मुलीही तशाच, जमैकामागे ३:२९.३५.

फक्त एक लक्षात घ्या, इथे नंबर महत्त्वाचा होता, टायमिंग नाही, बुडापेस्टच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला २०२३ मध्ये आपली पुरुषांची टीम २:५९.०५ पळाली होती. ऑलिम्पिकच्या १६ पैकी उरलेल्या २ जागा मात्र टायमिंगवर होत्या.