सई, तुझ्या भेंडीच्या प्रश्नावर

प्रिय सई,

परवा जेवताना तू विचारलंस, "बाबा, मी ही भेंडी संपवली तर सुदानमधल्या मुलाला काय मिळणार?" मुक्ता आत्या व्हिडिओ कॉलवर होती. "तिकडे पोरं उपाशी मरतायत आणि तू पानात टाकतेस?" ही सुरुवात तिचीच. तुझ्या प्रश्नावर ती गप्प झाली, मीही. बाबा चिडला असं तुला वाटलं असेल. चिडलो नव्हतो, पण झोंबलं. म्हणून हे लिहितोय. वाचताना अडलीस तर आईला विचार.

सरळ उत्तर असं की, काहीच मिळणार नाही. सुदानमध्ये एप्रिल 2023 पासून युद्ध चालू आहे. ऑगस्ट 2024 मध्ये अल फाशेर शहराजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ पडल्याचं जाहीर झालं, ते काही जगातलं धान्य संपलं म्हणून नव्हे. लढाईमुळे मदतीचे ट्रक तिथवर पोचतच नव्हते. आपल्या लीड्समधल्या ताटाचा त्याच्याशी संबंध नाही.

मग पानात टाकायचं नाही हे आलं कुठून? थोडं देवाधर्मातून असेल. माझ्यापुरतं ते माईकडून आलं, म्हणजे तुझ्या पणजीकडून. आपलं गाव सिन्नरच्या पूर्वेला, कायम पाण्याची बोंब. 1972 ला पाऊस पडलाच नाही, तेव्हा माई खडी फोडायला जायची. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात जवळपास 50 लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे एक जातीची ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापता थापता चिरायची आणि घशाखाली उतरायची नाही, असं माई सांगायची, आणि इतक्या वर्षांनी सांगतानासुद्धा तोंड वाकडं करायची. आत्या तेव्हा कडेवर होती, कामावर वाटायच्या त्या सुकडीवर वाढली. तेव्हा तिचं बोलणं फार मनाला लावून घेऊ नकोस.

माझ्या लहानपणी आम्ही सातपूरला होतो, आजोबांना कंपनीत नोकरी होती, खायला पोटभर होतं. तरी मी जेवून उठलो की माई माझं ताट उचलून बघायची. कडेला भाताचं शीत चिकटलेलं दिसलं की बोटानं काढून स्वतःच्या तोंडात घालायची. बोलायची काही नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. मला ते आवडायचं नाही, हेही तुला सांगून ठेवतो.

आता दिंडोरीच्या मामांची बाग. द्राक्षांच्या दिवसांत मी तिथे राहायला जायचो. सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांतली कुटुंबं कामाला आलेली असायची, पोराबाळांसकट. त्यातली एक मुलगी माझ्याएवढीच होती. दुपारी वेलींच्या सावलीत नागलीची भाकरी आणि ठेचा खायची, वर घड लटकलेले. ते एक्सपोर्टचे, आम्हालाही हात लावायला बंदी. मी तिला इयत्ता विचारली. शाळा सुटली होती तिची, आणि ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी निघाली. माई म्हणाली, "चणच बारीक असते त्यांची."

चण नव्हे ती, सई. पोटात असल्यापासून आणि पहिल्या दोन वर्षांत पुरेसं आणि नीट खायला मिळालं नाही, वरचेवर आजारपण आलं, की मूल खुजं राहतं. त्याची हाडं दिसत नाहीत, ते रडत नाही, नुसतं वयापेक्षा लहान वाटतं. फोटोत कळत नाही म्हणून तुमच्या शाळेत दाखवत नसतील. 2019 ते 2021 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांतली 35 अशी खुजी निघाली. सुरगाण्याकडे पावसाळ्यातली नागली आणि भात संपला की लोक कामासाठी बाहेर पडतात. पोराचं नाव गावच्या अंगणवाडीच्या वजनाच्या रजिस्टरात राहतं आणि पोर बागेत असतं.

आमच्या घरात शीत वाया जात नव्हतं. पण त्या बागेत मजुरी किती द्यायची, हे ठरवताना माईला कोणी विचारलं नाही, आणि तिनंही कधी विषय काढला नाही. आणि माई स्वतः तगली ती कुणी पुण्यात ताट पुसून खाल्लं म्हणून नाही. हाताला काम आणि कामाचे पैसे मिळाले म्हणून. पुढे 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदाच झाला.

म्हणजे तुझंच बरोबर की काय? बरंचसं. तरी ताटात टाकलेला भात मला बघवत नाही, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तू शीत टिपून खावंस असं काही म्हणणं नाही. भेंडी नको असेल तर आधीच सांग, वाढतच नाही. वरण-भात मात्र आधी थोडा घे, मग लागेल तसा.

शाळेच्या प्रोजेक्टमध्ये सुदान आहेच, ते नीट कर. सुरगाणाही घ्यायचं मनात आलं तर नकाशा मी काढून देईन. नाही घेतलंस तरी चालेल. आत्याला यातलं काही सांगू नकोस, तिच्याशी मी बोलतो.

तुझा,
बाबा