ग्लास राहू द्या, नजर बघा

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या ग्रुपने पाच मिनिटांची शॉर्ट फिल्म केली. टेबलाशी समोरासमोर बसलेले दोन मित्र भांडतात, मग एक जण उठून दार उघडतो आणि निघून जातो. एकाच मोबाइलवर शूट केलं. आता एडिटला बसल्यावर दोघंही एकाच दिशेला बघून बोलताहेत असं दिसतं, ग्लासातलं पाणी कमी-जास्त होतं आणि दाराशी कट झटका देतो. कलाकार पुन्हा मिळणार नाहीत. फिल्म वाचेल का?

उत्तर : वाचेल. पण आधी तुमच्या तक्रारींचा क्रम बदलू या. ग्लास तुम्हाला खुपतो, कारण तो सीन तुम्ही घोटून घोटून पाहिलाय. पहिल्यांदा बघणारा चेहरे बघतो, त्यातही डोळे. वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाने कट निवडण्याचे सहा निकष मांडले. त्यात भावनेला 51 टक्के वजन आहे आणि कोण कुठे उभं आहे, काय कुठे आहे या त्रिमितीय सातत्याला फक्त 4. तेव्हा पाण्याच्या पातळीपायी चांगला टेक बाद करू नका.

नजरेला मात्र सूट नाही. दोघांना जोडणारी एक काल्पनिक रेषा असते. कॅमेरा कायम तिच्या एकाच बाजूला राहिला, तरच पडद्यावर एक उजवीकडे आणि दुसरा डावीकडे बघतो. तुमची लाइन क्रॉस झालीय. उजेड बरा मिळतो म्हणून कॅमेरा पलीकडे नेला असणार, बहुतेकदा तेच होतं.

उपाय आहे. एकाचे क्लोज-अप आरशातल्यासारखे आडवे उलटवा. कोणाचे, ते मास्टर शॉट, म्हणजे दोघंही एकत्र दिसणारा लांबचा शॉट, सांगेल: मास्टरमध्ये जो डावीकडे बसलाय, त्याने क्लोज-अपमध्ये उजवीकडे बघायला हवं. ज्याचं उलटं आहे, त्याचे शॉट फ्लिप करा. मग फ्रेम नीट तपासा. खिसा छातीच्या दुसऱ्या बाजूला गेला का? भांग? घड्याळ? थोडं क्रॉप करून बरंच झाकता येतं, पण मागे भिंतीवर अक्षरं असली तर हा मार्ग बंद.

मग कट-अवे, म्हणजे चेहऱ्यांऐवजी दुसरंच काही दाखवणारा छोटा शॉट, वापरा. टेबलावरचा हात, ग्लास उचलणारी बोटं. असा शॉट मध्ये आला की ओलांडलेली रेषा कमी जाणवते. तो आजही घेता येईल. हात कोणाचाही चालेल, बाही तीच हवी आणि उजेड जुळायला हवा. मोबाइलचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर हात हलला की उजेड आणि रंग बदलेल. आणि त्या हाताने एक घोट घेतला, की पाण्याची तक्रारही परस्पर मिटली!

आता दार. तुम्ही बहुधा हालचाल संपल्यावर कापलंय: तो दाराशी पोचला, थांबला, कट. हालचालीच्या मधोमध कापा. आतल्या शॉटमध्ये हात कडीवर जाऊन दार हलायला लागतं, तिथे कट. बाहेरच्या शॉटमध्ये दार उघडत असतानाच आत शिरा. मग एकेक फ्रेम मागेपुढे सरकवा. हिशेबाने अचूक जुळणारा कट कधीकधी डोळ्याला उडी वाटतो. बाहेरच्या शॉटमध्ये दोन-तीन फ्रेमची हालचाल पुन्हा घेतली तर तोच गुळगुळीत होतो. मात्र दोन्ही शॉट दाराच्या एकाच बाजूने घेतले असतील आणि कोनात तीसेक अंशांचाही फरक नसेल, शिवाय फ्रेममध्ये माणूस तेवढाच मोठा दिसत असेल, तर कुठेही कापा, झटका बसणारच.

पुष्कळसे झटके खरं तर कानाला बसतात. शूट केलं त्याच खोलीत जाऊन अर्धा-एक मिनिट निव्वळ शांतता रेकॉर्ड करा आणि तो रूम टोन सगळ्या सीनखाली सलग अंथरा. कडीचा आवाज चित्राच्या किंचित आधी येऊ द्या.

प्रश्न : इतकी खटपट करण्यापेक्षा ‘हे जंप कट आहेत, आमची स्टाइल आहे’ असं सांगितलं तर?

उत्तर : जंप कटमध्ये एकाच शॉटमधला मधला वेळ उडवलेला असतो. तुमच्याकडे नजर उलटलीय, ती वेगळी गोष्ट. स्टाइल म्हणून जंप कट हवेच असतील तर पहिल्या मिनिटापासून दिसू द्या. चौथ्या मिनिटाला, नेमका भांडणाच्या मध्यात एकटाच आला, तर स्पर्धेचे परीक्षक कारण विचारणारही नाहीत. त्यांना कळलेलं असेल.